शंका-समाधान : दिवे, मोटारी आणि बोर्डाचा वीजपुरवठा

गणेशोत्सव, दिवाळी आणि शाळांची विज्ञान प्रदर्शने जवळ आली की या सदराकडे एका ठरावीक तक्रारीची पत्रे येऊ लागतात. आर्डुइनो किंवा ईएसपी-३२ यांसारख्या छोट्या बोर्डावर दिवे आणि मोटारी चालवणारे वाचक लिहितात की, घरी टेबलावर उत्तम चाललेला प्रोग्राम प्रत्यक्ष जागी नेल्यावर मधेच थांबतो, पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो किंवा भलतेच काही करू लागतो. बहुतेकांनी प्रोग्राम ओळीओळीने तपासलेला असतो. कोणत्या भागाला किती प्रवाह लागतो आणि तो कोणत्या वायरीतून जातो, याचा हिशेब मात्र क्वचितच कोणी कागदावर मांडलेला असतो. या अंकात त्या हिशेबाशी संबंधित निवडक प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : आर्डुइनो उनो, एल२९८एन ड्रायव्हर (बोर्डाच्या संदेशाप्रमाणे मोटारींना प्रवाह देणारा मोड्यूल), दोन पिवळ्या बीओ मोटारी (गिअर असलेल्या छोट्या मोटारी) आणि पुढचा सेन्सर फिरवण्यासाठी एसजी९० सर्व्हो (सांगितलेल्या कोनात वळणारी छोटी मोटार) अशी अडथळा टाळणारी गाडी आम्ही तयार केली आहे. दोन १८६५० सेल (पुन्हा भरता येणारे लिथियम सेल) एकसर जोडून ड्रायव्हरला दिले आहेत आणि ड्रायव्हरच्या ५ व्होल्टच्या टर्मिनलवरून उनो व सर्व्हो चालतात. गाडी सरळ जाताना काही अडचण येत नाही, पण अडथळा दिसल्यावर मागे जाताना बोर्ड रीसेट होतो. कधी रीसेट न होता सर्व्हो उगाचच थरथरते. संगणकाला यूएसबीने जोडल्यावर हा दोष दिसत नाही. प्रोग्राममध्ये काय चुकत असावे? — तंत्रनिकेतनाचा विद्यार्थी, सांगली

उत्तर : दोष नेमका दिशा बदलतानाच दिसतो आणि यूएसबी जोडल्यावर नाहीसा होतो, या आपल्या दोन निरीक्षणांतच निदान आहे. प्रोग्राम तूर्त बाजूला ठेवावा. बीओ मोटार मोकळी फिरत असताना साधारण दीडशे ते दोनशे मिलिअँपिअर घेते, परंतु जागची हलताना किंवा चाक अडकल्यावर तीच मोटार ६ व्होल्टला दीड अँपिअरपर्यंत जाते. फिरत्या मोटारीला एकदम उलटी दिशा दिली, तर परिस्थिती याहून वाईट होते. कारण फिरणारी मोटार स्वतः जे विरोधी व्होल्टेज निर्माण करत असते, ते एरवी बॅटरीच्या विरुद्ध असते आणि दिशा उलटताच बॅटरीच्या बाजूने उभे राहते. त्या काही मिलिसेकंदांत मोटारीवर जवळजवळ दुप्पट व्होल्टेज येते आणि बॅटरी, वायरी व ड्रायव्हर जेवढा देऊ शकतील तेवढा प्रवाह ती ओढते.

आता आपल्या जोडणीत या झटक्याचे काय होते ते पाहू. दोन सेलचा अंतर्गत रोध, होल्डरच्या स्प्रिंगा आणि बारीक जंपर वायरी मिळून अर्धा ओहम रोध धरला, तरी ३ अँपिअरला दीड व्होल्ट तिथेच खर्च होतात आणि ७.४ व्होल्टचे ५.९ व्होल्ट उरतात. एल२९८एनच्या बोर्डावर बसवलेला ७८एम०५ रेग्युलेटर (व्होल्टेज ठरावीक ठेवणारी चिप) नीट ५ व्होल्ट देण्यासाठी इनपुटला सुमारे २ व्होल्ट जास्त मागतो. ५.९ व्होल्टवर तो ४ व्होल्टच्या आसपास घसरतो. त्याच ५ व्होल्टवर सर्व्हो आहे. ती जोर लावताना ६०० ते ७०० मिलिअँपिअर घेते आणि ७८एम०५ ची क्षमता जेमतेम ५०० मिलिअँपिअर असते. दोन्ही गोष्टी एकाच क्षणी घडल्या की बोर्डाला साडेतीन व्होल्टही मिळत नाहीत.

सर्व्होच्या थरथरण्याचे कारणही इथेच आहे, आणि ते समजून घेण्यासारखे आहे. उनोवरील एटीमेगा३२८पी ही चिप १६ मेगाहर्ट्झवर चालते आणि त्या वेगासाठी तिच्या उत्पादकाने दिलेल्या मर्यादेनुसार सुमारे ३.८ व्होल्ट तरी हवेत. उनोवर व्होल्टेज घसरल्यास चिप थांबवणारी जी सोय आहे, ती मात्र २.७ व्होल्टला लावलेली असते. म्हणजे ३.८ ते २.७ व्होल्टच्या पट्ट्यात चिप बंदही होत नाही आणि विश्वासाने चालतही नाही. ती एखादी सूचना चुकीची वाचू शकते किंवा भलत्याच ठिकाणी उडी मारू शकते. प्रोग्राममध्ये शोधून न सापडणाऱ्या कितीतरी चुका या पट्ट्यात जन्माला येतात. यूएसबी जोडल्यावर बोर्डाला संगणकाकडून ५ व्होल्ट मिळत राहतात, म्हणून दोष झाकला जातो. ड्रायव्हरचे ५ व्होल्ट बोर्डाच्या ५ व्होल्टच्या पिनला जोडलेले असताना यूएसबी लावणे म्हणजे दोन पुरवठे थेट एकमेकांना जोडणे आहे, तेही टाळावे.

उपाय करताना प्रथम ड्रायव्हर बदलावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. एल२९८एन जुन्या पद्धतीच्या ट्रान्झिस्टरांचा आहे. १ अँपिअर प्रवाहाला त्याच्यातच १.८ ते ३.२ व्होल्ट नाहीसे होतात आणि त्यांची नुसती उष्णता होते. दोन सेलच्या गाडीला ही चैन परवडत नाही. टीबी६६१२एफएनजी हा ड्रायव्हर मॉसफेटचा (नव्या पद्धतीच्या, कमी रोधाच्या ट्रान्झिस्टरांचा) आहे, सतत १.२ अँपिअर आणि क्षणभर ३.२ अँपिअर देतो आणि त्यात फारच थोडे व्होल्टेज वाया जाते. मोटारींना आता जास्त व्होल्टेज मिळेल, म्हणून पीडब्ल्यूएमची (वेगाने चालू-बंद करून मोटारीचा वेग ठरवण्याच्या पद्धतीची) वरची मर्यादा ८० टक्क्यांच्या आसपास ठेवावी. बोर्डासाठी बॅटरीवरून स्वतंत्र छोटा बक कन्व्हर्टर (फारशी ऊर्जा न घालवता व्होल्टेज कमी करणारा मोड्यूल) लावावा व सर्व्होसाठी दुसरा. या दोन्हींच्या आणि ड्रायव्हरच्या वायरी बॅटरीच्या टर्मिनलपासूनच वेगळ्या काढाव्यात. मोटारींचा प्रवाह ज्या वायरीतून जातो, त्याच वायरीतून बोर्डाचा ग्राउंड (ऋण बाजूची वायर) नेऊ नये; सर्व ग्राउंड बॅटरीच्या ऋण टोकाशी एकत्र यावेत.

याशिवाय बोर्डाच्या बक कन्व्हर्टरच्या आधी १एन५८१९ हा शॉट्की डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) आणि त्यापुढे १००० मायक्रोफॅरडचा, १६ व्होल्टचा कपॅसिटर लावावा. मोटारींच्या झटक्याने बॅटरीचे व्होल्टेज कोसळले तरी डायोडमुळे कपॅसिटरमधील साठा मोटारींकडे परत जात नाही. बोर्ड ५० मिलिअँपिअर घेत असेल, तर १००० मायक्रोफॅरडवरचे व्होल्टेज २० मिलिसेकंदांत केवळ १ व्होल्टने उतरते, आणि दिशा बदलतानाचा सर्वांत तीव्र झटका साधारण तेवढाच वेळ टिकतो. प्रत्येक मोटारीच्या दोन टोकांवर १०४ छापलेला सिरॅमिक कपॅसिटर मोटारीच्या अंगालाच डाग देऊन बसवावा. प्रोग्राममध्ये एकच बदल करावा : दिशा उलटण्यापूर्वी मोटार दीड-दोनशे मिलिसेकंद थांबवावी.

खात्री करण्यासाठी साधा मल्टिमीटर उपयोगी पडणार नाही, कारण तो सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो आणि मिलिसेकंदांचा खड्डा त्याला दिसत नाही. मात्र एटीमेगा चिप आपल्या आतल्या १.१ व्होल्टच्या संदर्भाशी तुलना करून स्वतःला मिळणारे व्होल्टेज मोजू शकते. ते सतत मोजून सर्वांत कमी आलेला आकडा साठवावा आणि गाडी थांबल्यावर सिरीयल मॉनिटरवर छापावा. तो आकडा साडेचारच्या खाली जात नसेल, तरच प्रोग्रामकडे वळावे.

प्रश्न : आमच्या मंडळाच्या देखाव्यामागे डब्ल्यूएस२८१२बी (प्रत्येकाचा रंग वेगळा ठरवता येणाऱ्या) दिव्यांच्या ५ मीटरच्या दोन पट्ट्या सलग जोडल्या आहेत, एका मीटरला ६० दिवे आहेत. ईएसपी-३२ बोर्ड आणि ५ व्होल्ट १० अँपिअरचा एसएमपीएस (२३० व्होल्टचे ५ व्होल्ट करणारा पुरवठा) स्टेजखाली ठेवला असून तिथून ३ मीटर स्पीकरची वायर वर नेली आहे. पांढरा रंग दिल्यास शेवटचे दिवे पिवळट-लालसर दिसतात, पूर्ण तेजावर सगळी पट्टी विझते आणि पुन्हा लागते, शिवाय पहिला दिवा अधूनमधून भलत्याच रंगाचा होतो. मोठा एसएमपीएस आणला तर भागेल का? — मंडळाचे कार्यकर्ते, पुणे

उत्तर : केवळ मोठा एसएमपीएस आणून भागणार नाही; वायर आणि फ्यूज यांचा विचार न करता तो आणणे तर धोक्याचे ठरेल. आपण तीन वेगवेगळे दोष लिहिले आहेत आणि त्यांची कारणेही तीन आहेत.

पट्टी विझून पुन्हा लागते, ते एसएमपीएसवर भार जास्त झाल्यामुळे. या दिव्यात लाल, हिरवा आणि निळा असे तीन भाग असतात आणि प्रत्येक भाग पूर्ण तेजावर सुमारे २० मिलिअँपिअर घेतो. पूर्ण पांढऱ्या रंगाला एका दिव्याला ६० मिलिअँपिअर, म्हणजे ६०० दिव्यांना ३६ अँपिअर लागतात आणि ५ व्होल्टला त्याचे १८० वॅट होतात. आपला एसएमपीएस १० अँपिअरचा आहे. मागणी मर्यादेबाहेर गेली की तो स्वतःला बंद करतो, क्षणाने पुन्हा प्रयत्न करतो आणि पुन्हा बंद होतो. पण ३६ अँपिअरचा पुरवठा उभा करण्याचीही गरज नाही. २५५ पैकी ८० एवढेच तेज ठेवल्यास पांढऱ्या रंगाला साधारण ११ अँपिअर पुरतात, आणि रात्रीच्या मंडपात एवढ्या तेजाचे ६०० दिवे मूर्तीवरून नजर हटवण्याइतके प्रखर असतात. ही मर्यादा कार्यकर्त्यांच्या लक्षात राहण्यावर सोडू नये. फास्टएलईडी लायब्ररीत पुरवठ्याचे व्होल्ट आणि जास्तीत जास्त मिलिअँपिअर एकदाच सांगून ठेवण्याची सोय आहे. प्रत्येक दृश्याचा प्रवाह मोजून ती तेज आपोआप कमी करते. तशी मर्यादा १४ अँपिअरला लावून ५ व्होल्ट २० अँपिअरचा एसएमपीएस वापरावा. सर्व दिवे काळे केले तरी प्रत्येक दिव्यातील चिप १ मिलिअँपिअरच्या आसपास घेतच असते, म्हणून ६०० दिव्यांचा सुमारे अर्धा-पाऊण अँपिअर कायमचा धरून चालावे.

शेवटचे दिवे लालसर होतात, ते वायरीमुळे आणि पट्टीतल्या तांब्याच्या पातळ पत्र्यामुळे. निळ्या आणि हिरव्या एलईडीला उजळण्यासाठी सुमारे ३ व्होल्ट लागतात, लाल एलईडीला सुमारे २ व्होल्ट पुरतात. पट्टीच्या टोकाला व्होल्टेज कमी पोहोचले की आधी निळा मंदावतो, मग हिरवा, आणि पांढऱ्यातून पिवळट व पुढे लालसर छटा उरते. आपली स्पीकरची वायर अर्ध्या चौरस मिलिमीटरची असेल, तर तिच्या एका मीटरचा रोध ०.०३९ ओहमपर्यंत असतो. जाऊन-येऊन ६ मीटरला ०.२३ ओहम आणि १० अँपिअरला २.३ व्होल्ट! ५ व्होल्टपैकी जवळजवळ निम्मे व्होल्ट पट्टीला स्पर्श करण्यापूर्वीच वायर तापवण्यात गेले. याच अंतराला अडीच चौरस मिलिमीटरची (दुकानातील 'अडीच एमएम') वायर वापरली, तर ही घट अर्ध्या व्होल्टवर येते. आणि एसएमपीएस स्टेजखालून उचलून देखाव्याच्या मागे पट्टीपासून एका मीटरवर ठेवला, तर ०.१६ व्होल्टवर येते. २३० व्होल्टची वायर लांब नेण्यात काही गमवावे लागत नाही, ५ व्होल्टची लांब नेण्यात सर्व काही गमवावे लागते. म्हणून एसएमपीएस नेहमी दिव्यांजवळ न्यावा.

पट्टीला वीज एकाच टोकाने देऊ नये. सुरुवातीला, मध्ये जिथे दोन पट्ट्या जुळतात तिथे आणि शेवटी अशा तीन ठिकाणी धन आणि ऋण अशा दोन्ही वायरी द्याव्यात. दोन वेगवेगळे एसएमपीएस वापरायचे ठरल्यास त्यांच्या धन वायरी एकमेकांना जोडू नयेत. दोन पट्ट्यांच्या सांध्यावर फक्त धन वायर तोडावी, ग्राउंड आणि डेटा सलग ठेवावेत. एसएमपीएसवरचा व्होल्टेज वाढवण्याचा स्क्रू फिरवून टोकाचे दिवे उजळवण्याचा मोह टाळावा, कारण तसे करताना सुरुवातीच्या दिव्यांवर त्यांच्या मर्यादेपेक्षा जास्त व्होल्टेज येते.

पहिला दिवा भरकटतो, त्याचे कारण डेटाच्या पातळीत आहे. ५ व्होल्टवर चालणारी ही चिप ३.५ व्होल्टच्या वर असलेल्या संदेशालाच खात्रीने 'एक' मानते आणि ईएसपी-३२ फार तर ३.३ व्होल्ट देतो. टेबलावर हे निभावते, मंडपात निभावत नाही. ७४एचसीटी१२५ ही चिप ५ व्होल्टवर चालवून तिच्यातून डेटा न्यावा, म्हणजे संदेश ५ व्होल्टचा होईल; पट्टीच्या तोंडाशी डेटाच्या वायरीत ३३० ओहमचा रेझिस्टर आणि पुरवठ्यावर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा. बोर्डही पट्टीजवळ असावा, आणि डेटाच्या वायरीला ग्राउंडची वायर चिकटून यावी.

आता फ्यूजविषयी, आणि हा भाग कृपया मंडळातील वायरिंग करणाऱ्या प्रत्येकाला वाचायला द्यावा. ५ व्होल्टचा झटका लागत नाही म्हणून ही वायर निर्धास्तपणे हाताळली जाते. परंतु २० अँपिअरच्या एसएमपीएसला बारीक वायरीतले १५ अँपिअर हा दोष वाटतच नाही, तो नेहमीचा भार वाटतो; त्यामुळे कुठे अर्धवट शॉर्ट झाला, तर एसएमपीएस बंद होत नाही, वायर लाल होते आणि तिच्याभोवती कापड, कागद व पुठ्ठा असतो. प्रत्येक शाखेला एसएमपीएसपाशीच स्वतंत्र फ्यूज हवा. गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळणारे पात्याचे फ्यूज आणि त्यांचे होल्डर यासाठी उत्तम असतात. आपल्या तीन शाखांना प्रत्येकी साडेसात अँपिअरचा फ्यूज आणि किमान दीड एमएमची वायर पुरेल. एसएमपीएसचे २३० व्होल्टचे स्क्रू उघडे असतात, त्यांच्यावर झाकण हवे. त्याच्या पत्र्याच्या अंगाला अर्थिंग हवे, मंडपाच्या पुरवठ्यावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) हवा आणि एसएमपीएसभोवती हवा खेळती राहायला हवी. पावसाचे पाणी मंडपात कुठून ठिबकते हे पहिल्या सरीतच पाहून घ्यावे व त्यानंतर एसएमपीएसची जागा कायम करावी.

पुढील वर्षी नव्या पट्ट्या घ्यायच्या असतील, तर १२ व्होल्टवर चालणाऱ्या डब्ल्यूएस२८१५ पट्ट्यांचा विचार अवश्य करावा. एका दिव्याला सुमारे १५ मिलिअँपिअरच लागत असल्याने वायरीतली घट पुष्कळ कमी होते आणि एक दिवा निकामी झाला तरी पुढची पट्टी चालू राहते. मोठ्या मंडपाला त्या जास्त योग्य आहेत.

प्रश्न : विज्ञान प्रदर्शनासाठी विद्यार्थ्यांनी उनो आणि दोन सर्व्होंचे रेल्वे फाटक केले आहे. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी लावली, तर ते थोड्याच वेळात बंद पडते. नवी बॅटरी आणूनही तसेच होते. — शिक्षिका, अकोला

उत्तर : ती बॅटरी धुराची सूचना देणारे यंत्र, मल्टिमीटर अशा अगदी थोडा प्रवाह घेणाऱ्या उपकरणांसाठी असते. तिचा अंतर्गत रोध जास्त असतो, त्यामुळे सर्व्हो हलताच तिचे व्होल्टेज बसते. शिवाय उनोवरचा रेग्युलेटर ९ व्होल्टचे ५ व्होल्ट करताना वरचे ४ व्होल्ट उष्णतेत घालवतो, म्हणजे आधीच तुटपुंज्या ऊर्जेतील जवळजवळ निम्मी ऊर्जा वाया जाते. प्रदर्शनासाठी चार एए सेलचा होल्डर घ्यावा आणि त्याचे ६ व्होल्ट थेट सर्व्होंना द्यावेत. एसजी९० जातीच्या सर्व्होंना ४.८ ते ६ व्होल्ट चालतात. उनोला मोबाइलच्या पॉवर बँकेवरून यूएसबीने वीज द्यावी आणि होल्डरचे ऋण टोक उनोच्या ग्राउंडला न विसरता जोडावे, अन्यथा सर्व्होंना संदेश समजणार नाही. एक अडचण येण्याची शक्यता आहे : अनेक पॉवर बँका फार थोडा प्रवाह जात असल्यास मोबाइल भरला असे समजून अर्ध्या-एक मिनिटात बंद होतात, आणि उनो जेमतेम ५० मिलिअँपिअर घेतो. तसे झाल्यास उनोच्या ५ व्होल्ट व ग्राउंड यांच्यामध्ये ४७ ओहमचा, १ वॅटचा रेझिस्टर जोडून सुमारे १०० मिलिअँपिअरचा भार वाढवावा. हा रेझिस्टर गरम होतो. विद्यार्थ्यांचा हात लागणार नाही अशा ठिकाणी तो बसवावा.

प्रश्न : नरकासुराची मान आणि एक हात हलवण्यासाठी आम्ही मोटारगाडीच्या वायपरच्या दोन मोटारी लोखंडी सांगाड्यावर बसवल्या आहेत. १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी, चार रिलेंचा (विजेने चालू-बंद होणाऱ्या स्विचांचा) मोड्यूल आणि आर्डुइनो नॅनो आहे. नॅनोला बॅटरी व्हीआयएन (बाहेरचा पुरवठा घेणाऱ्या) पिनवर दिली असून रिले नॅनोच्या ५ व्होल्टवर चालतात. रिलेंनी मोटारींची दिशा उलटसुलट करतो. एक नॅनो जळाला. दुसरा लावल्यावर दोन्ही मोटारी एकदम चालवताच वायरीतून धूर आला. — वाचक, फोंडा

उत्तर : नॅनो जळण्याचे आणि धूर येण्याचे कारण वेगवेगळे आहे. ५ व्होल्टच्या एका रिलेची कॉइल सुमारे ७० मिलिअँपिअर घेते. चार रिले एकदम लागले की २८० मिलिअँपिअर, त्यात नॅनोचे स्वतःचे धरले की ३००च्या वर. भरलेली बॅटरी १२.७ व्होल्ट देते. नॅनोवरच्या नखाएवढ्या रेग्युलेटरला ७.७ व्होल्टचा फरक आणि हा प्रवाह मिळून सव्वादोन वॅटपेक्षा जास्त उष्णता सोसावी लागते. एवढी उष्णता टाकून देण्याजोगे अंगच त्याला नाही. बॅटरीवरून एलएम२५९६ चा बक कन्व्हर्टर लावावा, काहीही जोडण्यापूर्वी मल्टिमीटरने पाहत त्याचा स्क्रू फिरवून ५ व्होल्ट करावेत आणि मगच ते नॅनोच्या ५ व्होल्टच्या पिनला व रिले मोड्यूलला वेगवेगळ्या वायरींनी द्यावेत.

धूर सांगाड्यामुळे आला असावा. वायपरच्या बऱ्याच मोटारींचे ऋण टोक मोटारीच्या धातूच्या अंगालाच जोडलेले असते, कारण गाडीत सगळा पत्रा ऋण असतो. अशी मोटार उलटी फिरवण्यासाठी टोके बदलली की तिचे अंग धन होते. मान एका दिशेला आणि हात दुसऱ्या दिशेला फिरताना एकाच लोखंडावर एक मोटार धन व दुसरी ऋण झाली आणि बॅटरी सांगाड्यातून सरळ शॉर्ट झाली. मोटार मोकळी करून तिचे अंग व प्रत्येक वायर यांच्यामध्ये मल्टिमीटरच्या बझरने पाहावे; आवाज आला तर हेच घडले आहे.

रबर किंवा लाकूड घालून मोटारी सांगाड्यापासून वेगळ्या करता येतील, परंतु आम्ही वेगळा मार्ग सुचवू. दिशा उलटूच नये. गाडीतला वायपर डावी-उजवीकडे जातो, पण त्याची मोटार एकाच दिशेने फिरत असते. तिच्या दांड्यावरचा क्रँक आणि त्याला जोडलेली पट्टी तिचे फिरणे झुलत्या हालचालीत बदलते. क्रँकच्या भोकाचे केंद्रापासूनचे अंतर कमी-जास्त करून मान किती वळावी हे ठरवता येते. अशाने रिले चाराऐवजी दोन लागतात, अंग नेहमी ऋण राहते, उलटवतानाचे झटके जातात आणि प्रत्येक मोटारीवर उलटा डायोड लावून रिलेच्या संपर्कावर उडणाऱ्या ठिणग्याही आवरता येतात. तो डायोड १एन५४०८ जातीचा घ्यावा, त्याचा पांढरा पट्टा धन टोकाकडे असावा. बॅटरीच्या धन टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत १५ अँपिअरचा फ्यूज हवाच.

बॅटरी रात्रभर पुरेल का, हेही पाहून ठेवावे. ७ अँपिअर-तास हा आकडा २० तासांत सावकाश, म्हणजे ०.३५ अँपिअरने वापरल्यासाठीचा आहे. दोन मोटारींनी मिळून ५ अँपिअर घेतले, तर ही बॅटरी तासभरही निभावणार नाही. मोटारी सतत न चालवता परीक्षक आणि प्रेक्षक समोर असतानाच चालवाव्यात, किंवा मोटारगाडीची बॅटरी घ्यावी. पहाटे नरकासुर पेटवण्यापूर्वी बॅटरी, मोटारी आणि सर्व वायरी काढून घेता येतील अशा रीतीने त्या आधीपासूनच पाठीमागून उघडणाऱ्या खोक्यात, नट-बोल्टने बसवाव्यात. घाईच्या वेळी आत राहिलेली बॅटरी आगीत फुटते.

प्रश्न : केळीच्या बागेतील ठिबकाचा व्हॉल्व्ह उघडण्यासाठी ईएसपी-३२ आणि एक रिले मोबाइलच्या जुन्या चार्जरवर चालवतो. वाय-फाय जोडताना बोर्ड पुन्हा पुन्हा सुरू होतो आणि मॉनिटरवर 'ब्राउनआउट डिटेक्टर वॉज ट्रिगर्ड' (व्होल्टेज घसरल्याची तपासणी लागू झाली) असे येते. ही तपासणी बंद करणारी एक ओळ मला मिळाली आहे. ती घालावी का? — शेतकरी, जळगाव

उत्तर : घालू नये. बोर्ड स्वतःहून आजार सांगत आहे. ईएसपी-३२ वाय-फायवर संदेश पाठवताना २४० मिलिअँपिअरपर्यंतचे झटके घेतो, म्हणून उत्पादकाने किमान ५०० मिलिअँपिअरचा पुरवठा सुचवला आहे; आपला रिले त्याशिवाय. आमचा पहिला संशय चार्जरपेक्षा केबलवर आहे. २८ गेजच्या तारा असलेल्या २ मीटर यूएसबी केबलचा जाऊन-येऊन रोध सुमारे ०.८५ ओहम भरतो आणि अर्ध्या अँपिअरला ०.४ व्होल्टपेक्षा जास्त घट होते. बोर्डावरच्या डायोडमध्ये आणखी थोडे जातात, आणि ३.३ व्होल्ट देणारा एएमएस१११७ रेग्युलेटर इनपुटला १.१ ते १.३ व्होल्ट जास्त मागतो. ५ व्होल्टमधून हे सर्व वजा केल्यावर ३.३ व्होल्ट उरतातच असे नाही. जाड तारांची, अर्ध्या मीटरची केबल आणि २ अँपिअरचा चांगला चार्जर लावावा, बोर्डाच्या ५ व्होल्ट व ग्राउंडमध्ये ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा आणि रिलेला ५ व्होल्ट बोर्डातून न देता चार्जरवरून वेगळ्या वायरीने द्यावेत.

तपासणी बंद केल्याने व्होल्टेज वाढत नाही; बोर्ड फक्त अपुऱ्या व्होल्टेजवर पुढे रेटत राहतो. अशा अवस्थेत फ्लॅश मेमरीत काही लिहिले जात असेल, तर साठवलेला मजकूर बिघडू शकतो, आणि व्हॉल्व्ह उघडा असताना बोर्ड अडकला, तर पाणी चालूच राहील. म्हणून पुरवठा सुधारल्यानंतरही दोन गोष्टी कराव्यात : बोर्ड सुरू होताना प्रोग्रामने सर्वप्रथम रिले बंद करावा आणि त्यानंतरच वाय-फाय जोडावे, तसेच व्हॉल्व्ह जास्तीत जास्त किती मिनिटे उघडा राहू शकतो याची मर्यादा बोर्डातच ठेवावी आणि प्रोग्राम अडकल्यास बोर्ड पुन्हा सुरू करणारा वॉचडॉग चालू ठेवावा.